८०० अंशांचा हातमोजा, पण किती सेकंद?

गेल्या जानेवारीत पेणजवळच्या एका वाडीत पोपटी लावली होती. वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, केळीच्या पानात गुंडाळलेली कोंबडी, आणि तोंडाशी भांबुर्ड्याचा पाला ठासून भरलेलं मडकं. ते उपडं ठेवून भोवती पेंढा पेटवला. अर्ध्या तासाने मडकं उतरवायची वेळ आली तेव्हा मीच पुढे झालो, कारण माझ्याकडे ऑनलाइन मागवलेले काळे-नारिंगी हातमोजे होते. पाकिटावर ठसठशीत छापलेलं: ८०० अंश सेल्सियस. वाडीवरच्या काकांनी एकदा मोज्यांकडे पाहिलं आणि गोणपाटाचा सुका तुकडा पुढे केला. मी नको म्हणालो.

मडकं उचलून सरळ करेपर्यंत सगळं व्यवस्थित होतं. मग मी तोंडाचा पाला ओढून काढला. भपकन वाफ आली, पाल्याचं गरम पाणी बोटांवरून ओघळलं, आणि मोज्याच्या आत असं काही पोळलं की मी जागच्या जागी नाचलो. "मोजं काढा आधी, मोजं!" काका ओरडले. तोवर उजव्या हाताच्या दोन बोटांवर फोड येणार हे नक्की झालं होतं.

८०० अंश सोसणारा मोजा १०० अंशांच्या वाफेपुढे कसा हरला? बोटं बरी होईपर्यंत दुसरं काही करता येत नव्हतं, म्हणून हेच वाचत बसलो.

आकडा खोटा नसेलही, पण अर्धाच आहे

गच्चीवर बार्बेक्यू, घरात ओव्हन नाहीतर एअर फ्रायर, शेतावर हुरडा पार्टी. या सगळ्यामुळे असले हातमोजे आता घराघरांत दिसतात. त्यांच्या जाहिरातींत ९३२ आणि १४७२ हे विचित्र आकडे हमखास भेटतात. ते फॅरनहाइटमध्ये असतात. ९३२ म्हणजे ५०० अंश सेल्सियस आणि १४७२ म्हणजे ८०० अंश सेल्सियस. अमेरिकी गिऱ्हाइकासाठी छापलेला मजकूर तसाच आपल्याकडे येतो आणि आपल्याला वाटतं, १४७२ अंश म्हणजे काय लोखंड वितळवायला निघालोय!

हा आकडा काहीही सांगत नाही, कारण त्याच्याबरोबर वेळ दिलेला नाही. बर्फाची लादी विकणारे ती भुशात पुरतात, वर गोणपाट टाकतात. म्हणून बर्फ वितळायचा थांबतो का? वितळतोच, फक्त सावकाश. हातमोजा अगदी हेच काम उलट्या दिशेने करतो. बाहेरची उष्णता आत येणारच असते, मोजा तिला वाटेत रेंगाळायला लावतो. तो हाताला थोडे सेकंद मिळवून देतो, आणि किती सेकंद हाच खरा प्रश्न आहे.

कारण आपल्या कातडीकडे फारसा वेळ नसतो. साधारण ४४ अंशांच्या आसपास दुखायला लागतं. ६० अंशांचं पाणी ५ सेकंदांत खोलवर भाजू शकतं आणि ७० अंशांना एखादा सेकंद पुरतो. म्हणजे बाहेर ३०० अंश असोत की ५००, मोज्याच्या आतली बाजू चाळिशीच्या घरात राहिली पाहिजे. ती जितका वेळ तशी राहील तितकाच वेळ मोजा उपयोगाचा.

धग, झळ, चटका

उष्णता हाताला एकाच वाटेने येत नाही. मराठीत या वाटांना नावं आधीपासून आहेत, आणि शाळेतल्या 'वहन, अभिसरण, प्रारण'पेक्षा ती कितीतरी नेमकी आहेत.

होळीपासून चार हात लांब उभं राहिलं तरी तोंडाला लागते ती धग. मे महिन्यात बसच्या खिडकीतून येते, किंवा ओव्हनचं दार उघडल्यावर अंगावर येते ती झळ. तव्याला बोट लागलं की बसतो तो चटका. तिघांना अडवायचे उपाय वेगवेगळे आहेत. धगीपुढे चकचकीत पृष्ठभाग चालतो, कारण तो ती परतवतो. चटक्यापुढे चकचकीतपणाचा काही उपयोग नाही, तिथे जाडी आणि आत अडकलेली हवा लागते.

युरोपात उष्णतेपासून वाचवणाऱ्या हातमोज्यांसाठी 'ईएन ४०७' नावाचं मानक आहे. मानक म्हणजे सगळ्यांना एकाच चाचणीतून जायला लावणारा नियम. त्याची सध्याची आवृत्ती २०२० सालची. या मानकात बसणाऱ्या मोज्यावर एक छोटं चित्र आणि त्याखाली सहा आकडे असतात. ते क्रमाने असे वाचायचे: ज्वाळा, चटका, झळ, धग, वितळलेल्या धातूचे थेंब, वितळलेल्या धातूचा लोट. प्रत्येकाला ० ते ४ गुण. आकड्याऐवजी इंग्रजी 'एक्स' असेल तर ती चाचणी केलेलीच नाही. ० म्हणजे चाचणी झाली आणि मोजा पहिल्या पायरीलाही पोचला नाही.

शेवटचे दोन रकाने ओतकाम करणाऱ्या कामगारांसाठी आहेत. कबाब भाजणाऱ्याने तिथे एक्स दिसला म्हणून घाबरायचं कारण नाही.

आपल्या कामाचा रकाना दुसरा, चटक्याचा. यात तापवलेल्या धातूवर मोज्याचा तुकडा ठरावीक दाबाने ठेवतात आणि आतल्या बाजूचं तापमान १० अंशांनी वाढायला किती वेळ लागतो ते मोजतात. तो वेळ किमान १५ सेकंद भरला पाहिजे. १ गुण म्हणजे १०० अंशांवर १५ सेकंद, २ म्हणजे २५० अंशांवर, ३ म्हणजे ३५० अंशांवर आणि ४ म्हणजे ५०० अंशांवर. हाताची कातडी एरवी ३३-३४ अंशांवर असते. त्यात १० मिळवा, दुखण्याचा उंबरठा आलाच.

म्हणजे या मोजपट्टीवर सगळ्यात वरचा गुण मिळवणारा मोजासुद्धा ५०० अंशांवर १५ सेकंदांपेक्षा जास्त कशाचीच हमी देत नाही. आणि चटक्याच्या रकान्यात ८०० अंशांची पायरीच नाही. जाहिरातीतले ८०० अंश बहुधा धाग्याबद्दल असतात, म्हणजे तो किती तापला की जळतो किंवा क्षणभर ज्वाळेत धरला तर काय होतं याबद्दल. धागा शाबूत राहील हो, पण आतला हात?

एक खूण लक्षात ठेवण्यासारखी आहे. पहिल्या, ज्वाळेच्या रकान्यात किमान ३ नसेल तर पुढच्या रकान्यांत ३ किंवा ४ छापायची परवानगी नाही. तेव्हा पाकिटावर पहिला आकडा १ आणि दुसरा ४ दिसला, तर छापणाऱ्याने मानक वाचलेलं नाही असं समजावं.

अमेरिकेत वेगळी मोजपट्टी आहे, ० ते ५ अशी. तिथेही वरची पायरी गाठायला १५ सेकंदांची अट आहेच. वेळेशिवाय नुसतं तापमान सांगायची सोय या दोन्ही मानकांत नाही, ती फक्त जाहिरातीत आहे.

निखाऱ्यांवर पाय ठेवता येतो, मग तव्याला बोट का लावता येत नाही?

गोव्यात शिरगावला लइराई देवीच्या जत्रेत धोंड, म्हणजे व्रत घेतलेले भक्त, निखाऱ्यांवरून चालत जातात. श्रद्धेचा भाग ज्याचा त्याच्याकडे. उष्णतेच्या बाजूने पाहिलं तर निखारा भयंकर तापलेला असतो, पण तो उष्णता पुढे द्यायला फार कंजूस असतो. वर राखेचा थर, आत सच्छिद्र कोळसा. पाऊल क्षणभर टेकतं आणि उचललं जातं, तेवढ्यात तो फारसं काही देऊ शकत नाही. रेंगाळलं की मात्र पाय भाजतो.

तवा, जाळी, ॲल्युमिनियमचा ट्रे यांचं उलटं आहे. तापमान निखाऱ्यापेक्षा कितीतरी कमी, पण हात सढळ. लागलं की सगळी उष्णता एकदम ओतायला तयार. म्हणूनच २०० अंशांच्या ओव्हनमध्ये केक पाहायला हात घातला तरी दोन-चार सेकंद नुसती झळ लागते, आणि त्याच ओव्हनमधल्या २०० अंशांच्या ट्रेला नख जरी लागलं तरी चटका बसतो. तापमान दोन्हीकडे सारखंच.

मोजा निवडताना म्हणून आधी विचारायचं: मी कशाला हात लावणार आहे, आणि किती वेळ धरणार आहे? कोळसे इकडून तिकडे सारताना चिमटा हातात असतो, मोज्याला फक्त धग आणि झळ सोसायची असते. बिडाचा जड तवा उचलून दहा पावलं चालताना मात्र मोजा धातूवर घट्ट दाबला जातो, त्यातली हवा पिळून निघते, आणि चाचणीत मिळाले होते त्यापेक्षा कमी सेकंद हाताला मिळतात. वजनदार वस्तूसाठी एक पायरी वरचा मोजा घ्यावा असं माझं मत आहे.

ओल्या मोज्याचा घात

आता माझ्या फोडांकडे वळू. माझे मोजे विणलेले होते. विणलेल्या कापडाची सगळी करामत त्यात अडकलेल्या हवेची असते, कारण हवा उष्णतेची फार वाईट वाहक आहे. त्या छिद्रांत पाणी शिरलं की हवेची जागा पाणी घेतं, आणि पाणी हवेच्या वीस पटींहून जास्त उष्णता वाहून नेतं. मोजा तोच, धागा तोच, पण भुशाची जागा आता पन्हळीने घेतली.

त्यात वाफ असेल तर विचारूच नका. १ ग्रॅम उकळतं पाणी हातावर पडून शरीराच्या तापमानाला येईपर्यंत साधारण ६३ कॅलरी उष्णता देतं. १ ग्रॅम वाफ मात्र हातावर नुसती पाणी होतानाच सुमारे ५४० कॅलरी सोडते, आणि मग त्या पाण्याच्या ६३ वेगळ्या. मोदकपात्राचं झाकण उघडताना बसणारा चटका एवढा जिव्हारी का लागतो, त्याचा हिशेब हा असा आहे. विणीच्या भोकांतून वाफ सरळ आत जाते. मोजा तिला अडवतच नाही.

शिवाय हातातली वस्तू खाली ठेवली म्हणजे सुटलो असं होत नाही. मोज्यात शिरलेली उष्णता अजून आतच यायची असते. काका 'मडकं ठेवा' म्हणाले नाहीत, 'मोजं काढा' म्हणाले, ते यासाठी. मोजा जरा सैल असावा आणि हात झटकला तर निघून पडावा, हाही निवडीचा भाग आहे. घट्ट, बोटांना चिकटून बसणारा मोजा फोटोत छान दिसतो, तेवढंच.

"पण आजी तर बोटांनी भाकरी उलटायची"

हा आक्षेप येणारच. माझ्या आजीलाही मी कधी फडकं घेताना पाहिलं नाही. आणि वर ती हात ओला करायची! मग ओलं वाईट कसं?

भाकरी म्हणजे तवा नाही. ती हलकी, ओलसर, तव्याच्या मानाने बरीच थंड आणि उष्णता द्यायला कंजूस. आजीची बोटं तिला पाव सेकंद लागायची. तेवढ्या वेळात बोटावरच्या पाण्याचा थेंब उष्णता स्वतः पिऊन वाफ होतो आणि बोट सुटतं. तेच पाणी फडक्यात भिजून तव्याच्या कडेला दहा सेकंद दाबून धरलं तर तापतं, वाफ होतं आणि बोटांवरच बसतं. त्यात आजीच्या बोटांवर चाळीस वर्षांच्या चुलीने तयार केलेली निबर कातडी होती. आगटीतून काढलेली कणसं हातावर चोळून हुरडा पाडणाऱ्यांचे तळहात पाहा, तिथेही तेच. ती कातडी ऑनलाइन मिळत नाही.

मोजा कशाचा आहे?

चांगल्या विणलेल्या मोज्यांचा बाहेरचा थर ॲरामिड नावाच्या कृत्रिम धाग्याचा असतो. केवलार आणि नोमेक्स ही त्याचीच व्यापारी नावं. केवलारचा शोध ड्यूपाँ कंपनीत १९६५ मध्ये स्टेफनी क्वोलेक या रसायनशास्त्रज्ञ बाईंनी लावला. शोध चालला होता टायरसाठी हलक्या आणि मजबूत धाग्याचा. हा धागा वितळत नाही, फार तापला की कोळपतो, आणि तेही ४०० अंशांच्या वर. वितळत नाही हे महत्त्वाचं आहे, कारण वितळलेला धागा कातडीला चिकटतो. आतलं अस्तर बहुधा सुती असतं. बाहेरच्या सिलिकॉनच्या नक्षीदार पट्ट्या पकडीसाठी असतात, त्यांनी मोजा काही जलरोधक होत नाही.

पॉलिस्टर साधारण २५० अंशांच्या पुढे वितळतं, नायलॉनचे काही प्रकार त्याच्याही आधी. 'कापडी' एवढंच लिहिलेलं असेल तर आत काय आहे ते शोधावं. नाहीच सापडलं तर जोडी सोडून द्यावी.

मोठा सापळा वेगळाच आहे. भाजी किसताना बोट कापू नये म्हणून करडे-पांढरे, विणलेले मोजे मिळतात. दिसायला थेट बार्बेक्यूच्या मोज्यांसारखे. त्यातले बरेच उच्च प्रतीच्या पॉलिथिलीनचे असतात, आणि ते १४५ अंशांच्या आसपास वितळतं. सुरीला ते दाद देत नाहीत, पण गरम जाळीला चिकटतील. अशा मोज्यांवर हातोड्याचं चित्र असतं, ते 'ईएन ३८८' या कापण्या-घासण्याच्या मानकाचं. उष्णतेच्या मानकाचं चित्र ज्वाळेचं, आणि ज्वाळेची चाचणी न झालेल्या मोज्यांसाठी २०२० पासून ज्वाळेविना वेगळं चित्र आहे. हातोड्याखालचे मोठमोठे आकडे पाहून भुलू नका.

सगळाच सिलिकॉनचा मोजा २०० अंशांपर्यंत निवांत काम करतो आणि पाणी, तेल, वाफ काही आत येऊ देत नाही. बोटांना मात्र तो बोजड होतो. चामड्याचे, कोपरापर्यंत येणारे वेल्डिंगचे मोजे हार्डवेअरच्या दुकानात सहज मिळतात आणि लाकडं सारायला, जाळी हलवायला, निखारे ओढायला मला तेच सगळ्यात आवडतात. पण ते कोरडेच राहिले पाहिजेत. ओलं चामडं तापलं की आखडतं, मग कडक होतं. आणि ते अन्नाला लावायचे नाहीत.

एक गोष्ट मात्र निक्षून. कारखान्यातून निवृत्त झालेल्या कुणा नातेवाइकाने जपून ठेवलेले जुने, राखाडी, जाडजूड मोजे 'अस्सल, आगीला दाद न देणारे' म्हणून दिले, तर ते ॲस्बेस्टॉसचे असू शकतात. त्याचे तंतू श्वासातून गेले तर कर्करोग होऊ शकतो. घालून बघू नका, झटकूही नका.

गरमागरम मांस हाताने सोडवायचं असेल तर

ॲरामिडच्या मोज्याने अख्खी भाजलेली कोंबडी उचलू नये. रस आणि चरबी विणीत शिरते, एक तर चटका बसतो आणि दुसरं म्हणजे तो मोजा पुन्हा अन्नाजोगा स्वच्छ होत नाही. अमेरिकेत तासन्‌तास धुरी दिलेलं मांस हाताने सोडवणारे लोक सोपी युक्ती करतात: आत पातळ सुती मोजा, वर वापरून फेकायचा नायट्राइलचा, म्हणजे पातळ कृत्रिम रबराचा मोजा. आतला सुती कोरडा राहतो, म्हणून हवा टिकते. वरचा फक्त ओल अडवतो. नुसता नायट्राइलचा मोजा उष्णतेपुढे कागदासारखा आहे. या जोडगोळीने पदार्थ धरायचा, जाळी किंवा भांडं नाही.

धुताना ॲरामिडला ब्लीच लावू नये आणि त्याला कडक उन्हात वाळत घालू नये, दोन्हींनी धागा कमजोर होतो. आपल्याकडे हे पाळणं कठीण, कारण कपडे वाळवायचे म्हणजे ऊन हे समीकरण हाडात भिनलंय. सावलीत वाळवा आणि दुसऱ्या दिवशी आत बोटं घालून खरंच सुकलाय ना ते बघा.

"त्यापेक्षा चिमटा-सांडशी काय वाईट?"

काहीच वाईट नाही. रोजच्या स्वयंपाकाला मोजा लागतच नाही असं मी म्हणेन. पातेलं उतरवायला सांडशी मोज्यापेक्षा सरस आहे, कारण ती हाताला धातूपासून लांबच ठेवते. मोज्याची गरज जिथे पकडायला काठ नाही तिथे: ओव्हनचा ट्रे, बिडाच्या तव्याचा दांडा, पोपटीचं मडकं, पेटत्या शेगडीवरची जाळी. आणि मनगटाच्या वरच्या हातासाठी. जाळीवरून पलीकडची सळई घ्यायला वाकलं की आधी भाजतो तो कोपराखालचा हात, बोटं नाही. बार्बेक्यूसाठी मनगटावर संपणारी जोडी घेऊ नका.

युरोपात घरगुती ओव्हनचे मोजेसुद्धा एप्रिल २०१८ पासून सुरक्षा साधनांच्या नियमावलीत आले, म्हणजे गुलाबी फुलाफुलांच्या मोज्यालाही चाचणी चुकत नाही. आपल्याकडे बाजारात येणाऱ्या अनेक जोड्यांवर हे सहा आकडे नसतातच. नसले तर घरी एक साधी तपासणी होते. स्टीलच्या पातेल्यात पाणी उकळवा, गॅस बंद करा, कोरडा मोजा घालून तळहात पातेल्याच्या बाजूला हलकेच टेकवा आणि मनात आकडे मोजत राहा. वाफेपासून लांब, आणि सोसेनासं झालं की लगेच मोजा काढा. उकळत्या पाण्याच्या भांड्यावर १५ आकडे मोजून होईपर्यंत जो मोजा टिकत नाही, त्याच्या ५०० अंशांच्या गप्पा ऐकायची गरज नाही.

आणि चटका बसलाच तर

आधी मोजा काढा, मग अंगठी. सूज आली की ती निघत नाही. मग नळाच्या वाहत्या गार पाण्याखाली २० मिनिटं. घड्याळ लावून, कारण पाचव्या मिनिटाला बरं वाटतं आणि आपण हात काढून घेतो. बर्फ नको, टूथपेस्ट नको, हळद नको, तूप नको. फोड फोडायचा नाही. भाजलेला भाग तळहातापेक्षा मोठा असेल, सांध्यावर असेल किंवा पांढरा पडून दुखेनासा झाला असेल तर थेट डॉक्टरकडे. न दुखणं हे इथे वाईट लक्षण आहे.

वाडीवर नळ नव्हता. काकांनी विहिरीचं पाणी कळशीने हातावर धरलं, बराच वेळ, एक शब्द न बोलता. मग म्हणाले, "आता शेंगा खा, थंड होतील." माझे ८०० अंशांचे मोजे अजून आहेत, कोळसे सारताना चिमट्याबरोबर घालतो. मडकं उतरवायला गोणपाटाच्या दोन जाड घड्या शिवून घेतल्यात. तेही पेट घेतं, म्हणून ठिणग्या विझल्याशिवाय हात घालत नाही, आणि पाला चिमट्यानेच काढतो.